‘रन’चा अर्थ कुठे असतो?

शाळेत इंग्रजी शिकताना ‘रन’ म्हणजे धावणे, हे अगदी सुरुवातीलाच पाठ होते. शब्द तीन अक्षरांचा, उच्चार सोपा, अर्थ स्वच्छ. पुढे मात्र हाच शब्द जिथे जिथे भेटतो तिथे धावणारे कोणी दिसतच नाही. इंग्रजीत नाक ‘रन’ होते म्हणजे वाहते. दूध ‘रन आउट’ होते म्हणजे संपते. धुतलेल्या कापडाचा रंग ‘रन’ होतो म्हणजे पसरतो. रस्ता नदीच्या काठाने ‘रन’ होतो, नाटक सहा महिने ‘रन’ होते, एखादी बाई खाणावळ ‘रन’ करते, संगणकावर प्रोग्रॅम ‘रन’ होतो. घाबरलेले ठेवीदार पैसे काढायला एकदम लोटले, तर बँकेवर ‘रन’ आला असे म्हणतात. इंग्लंडमध्ये २००७च्या सप्टेंबरात नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर रांगा लागल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला. त्या रांगांतली माणसे तर तासन्‌तास एका जागी उभी होती. आणि फलंदाजाने चेंडू सीमेपार टोलवला, स्वतः क्रीजमधून हललाही नाही, तरी त्याच्या नावावर चार ‘रन’ लागतात.

एका शब्दाला इतके अर्थ असतील तर इंग्रजी बोलणाऱ्यांचा गोंधळ कसा होत नाही? ‘इंग्रजी भाषाच विचित्र आहे’ हे उत्तर नेहमी ऐकू येते, पण त्याने काहीच उलगडत नाही. या लेखात मांडायचे आहे ते असे: शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात भरून ठेवलेला नसतो. त्याचा मोठा भाग शेजारच्या शब्दांत आणि प्रसंगात असतो. छोट्या शब्दाला शेकडो अर्थ असणे हा भाषेतला बिघाड नाही, ती भाषेची काटकसर आहे. स्लँग, म्हणजे एखाद्या गटात रुळलेली अनौपचारिक बोली, हीसुद्धा याच काटकसरीने चालते.

मोजणी कशी झाली?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत. ही नोंद २०११ साली नव्याने प्रसिद्ध झाली. त्या कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांना एवढ्या एका क्रियापदावर सुमारे नऊ महिने काम करावे लागले.

हा कोश बनतो कसा, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याचे वजन कळत नाही. १८७९ साली जेम्स मरे संपादक झाले आणि त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या जगाला मदतीचे आवाहन केले. पुस्तके वाचा, एखादा शब्द लक्षात राहील असा वापरलेला दिसला तर ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, खाली पुस्तकाचे नाव आणि साल लिहा, चिठ्ठी आम्हाला पाठवा. हजारो लोकांनी लाखो चिठ्ठ्या पाठवल्या. संपादक एका शब्दाच्या चिठ्ठ्या समोर पसरून त्यांचे गठ्ठे लावत. एका गठ्ठ्यात बसणारी वाक्ये म्हणजे एक अर्थ. एखादी चिठ्ठी कुठेच बसेना, तर नवा गठ्ठा. मरे १९१५ साली गेले, काम १९२८ साली पुरे झाले आणि कोशात अठरा लाखांहून अधिक अवतरणे छापली गेली. आज चिठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली आहे, रीत मात्र तीच आहे. आधी वाक्ये, मग गठ्ठे, शेवटी अर्थ. कोशकार शब्दाला अर्थ देत नाही, लोकांनी केलेल्या वापराची वाटणी करतो.

वाटणी म्हटली की किती बारीक करायची हा प्रश्न येतोच. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेला ‘वर्डनेट’ हा संगणकीय कोश याच क्रियापदाचे ४१ अर्थ देतो. शब्द तोच, भाषा तीच, आणि एकीकडे ६४५ तर दुसरीकडे ४१. यात कोणी चुकलेले नाही. ऑक्सफर्डच्या कोशाला शब्दाचा हजारभर वर्षांचा इतिहास सांगायचा असतो, म्हणून त्यात वापरातून गेलेले अर्थही राहतात, ‘रन इन्टू’, ‘रन अप’, ‘रन डाउन’ असे जोडप्रयोगही स्वतंत्रपणे येतात. वर्डनेटला आजचे ठळक फरक पुरतात. दोन कोशांच्या आकड्यांत पंधरापट अंतर पडते याचा अर्थ एवढाच की दोन अर्थांच्या मधली रेघ कोशकार ओढतो. ब्रिटिश भाषाभ्यासक ॲडम किलगॅरिफ यांनी तर १९९७ साली एका निबंधाच्या शीर्षकातच जाहीर केले होते की ‘शब्दाचे अर्थ’ नावाच्या सुट्या वस्तूंवर आपला विश्वास नाही. विधान टोकाचे वाटते, पण चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावणाऱ्याला त्यातले तथ्य लगेच पटेल.

चौकट : सर्वांत लांब नोंद कोणाची?

सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशात ‘टेक’ या क्रियापदाला १३४ अर्थ दिले होते. प्रस्तावनेत त्यांनी आपल्याला दमवणाऱ्या छोट्या क्रियापदांची यादीच दिली आहे आणि ‘रन’ त्यात आहे. ऑक्सफर्डच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, शब्दसंख्या सुमारे ६०,०००. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर २००० साली ‘मेक’ने, २००७ साली ‘पुट’ने आणि २०११ साली ‘रन’ने तो मान घेतला. सगळे शब्द एका अवयवाचे, म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारले जाणारे, आणि जुन्या घरगुती इंग्रजीतले आहेत.

अर्थाला अर्थ कसा फुटतो?

धावणे, नाक वाहणे आणि खाणावळ चालवणे या तिघांत समान काय? शोधायला गेलो तर फारसे काही सापडत नाही. पण शोधण्याची दिशा चुकते. सगळ्या अर्थांत मिळून एक समान धागा असायलाच हवा, अशी आपली अपेक्षा असते. अर्थांची रचना असते मोठ्या भावकीसारखी. बाप-लेकात सारखेपणा दिसतो, काका-पुतण्यात दिसतो, पण सहा पिढ्यांपूर्वी गाव सोडून गेलेल्या शाखेतला माणूस समोर उभा केला तर चेहऱ्यावरून नाते ओळखू येणार नाही. वंशावळ उघडली की मात्र एकेक पायरी दाखवता येते. प्रत्येक अर्थाचे नाते त्याच्या लगतच्या अर्थाशी असते, सगळ्यांशी असावे लागत नाही.

‘रन’ची वंशावळ पाहू. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये या शब्दाच्या पूर्वजाचे दोन अर्थ शेजारीशेजारी आहेत: प्राण्याचे धावणे आणि पाण्याचे वाहणे. जर्मन भाषेत आजही ‘रिनेन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे अशी दोन भावंडे आहेत. इंग्रजीत ती एका शब्दात मिसळली. पाणी वाहते, म्हणून नाक वाहते, रंग ओघळतो. सतत पुढे जाणाऱ्या कशालाही मग हा शब्द लागू लागला. रस्ता खरे तर हलत नाही, हलते ती रस्त्यावरून फिरणारी आपली नजर. पण नजरेची गती रस्त्याला चिकटली आणि रस्ता ‘रन’ होऊ लागला. जागेतली ही सलगता काळात शिरली, तेव्हा नाटक सहा महिने आणि करार तीन वर्षे ‘रन’ होऊ लागला.

दुसरी शाखा प्रयोजक वापराची. स्वतः धावणे, तसे घोड्याला धावायला लावणे. यंत्राचे चाक फिरते म्हणून यंत्र ‘रन’ होते, तेव्हा ते फिरते ठेवणारा माणूस यंत्र ‘रन’ करतो. यंत्रावरून कारखाना, कारखान्यावरून दुकान, दुकानावरून थेट सरकार. इथे पोहोचेपर्यंत पायांचा पत्ताही उरलेला नसतो. संगणकाचा प्रोग्रॅम याच शाखेचा अलीकडचा वंशज. लेखक सायमन विंचेस्टर यांनी ‘रन’च्या वाढीचे श्रेय औद्योगिक युगातल्या यंत्रांना दिले आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. यंत्रे आली तेव्हा इंग्रजीत नवे क्रियापद घडवता आले असते. ‘रन’च पुढे आला, कारण वाहण्याचा आणि सतत चालू राहण्याचा अर्थ त्याच्याकडे आधीपासून होता. यंत्रांनी भावकी वाढवली, मूळ पुरुष फार जुना होता.

क्रिकेटमधला ‘रन’ विशेष पाहण्यासारखा आहे. अठराव्या शतकात धावसंख्येच्या नोंदीसाठी काठीवर चाकूने खाच पाडत, म्हणून धावेलाही ‘नॉच’ म्हणजे खाचच म्हणत. पुढे खेळपट्टीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंतच्या एका फेरीला ‘रन’ हे नाव मिळाले. इथवर पाय धावतच होते. मग फेरी हे मोजमापाचे एकक झाले, आणि एकदा एकक झाले की धावण्याची गरज संपली. वाइड चेंडूला कोणी पाऊल उचलत नाही तरी ‘रन’ मिळतो. शब्द क्रियेपासून सुटून हिशेबात गेला.

अशी वंशावळ प्रत्येक अनेकार्थी दिसणाऱ्या शब्दाची असते असे मात्र नाही. ‘पेन’ घ्या. लिहायचे पेन लॅटिनमधल्या पिसाच्या शब्दावरून आले, कारण लेखणी पिसाची असे. मेंढरांचा कोंडवाडा हा अर्थ असलेले ‘पेन’ जुन्या इंग्रजीतले वेगळेच. अमेरिकी स्लँगमध्ये तुरुंगाला ‘पेन’ म्हणतात, ते ‘पेनिटेन्शरी’ या लांब शब्दाचे तोडलेले रूप. हे तीन वेगळ्या घराण्यांचे शब्द योगायोगाने एका आवाजात भेटले आहेत. ‘रन’मध्ये घराणे एकच आहे. फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली अशा एकाच घराण्यातल्या विस्ताराला ‘पॉलिसेमी’ म्हणजे अनेकार्थता हे नाव रूढ केले.

स्लँग ही वाट चुकलेली भाषा नाही

कोशातले अर्थ प्रतिष्ठित आणि स्लँगमधले बिघडलेले, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. ‘रन’चे स्लँग अर्थ तपासले की ती टिकत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तेव्हा बोटींनी चोरून दारू आणणाऱ्यांना ‘रम-रनर’ म्हणत. ही टपोरी बोली वाटेल, पण जकात चुकवून माल किनाऱ्याला लावण्याला ‘रन’ म्हणण्याची रीत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातली आहे. मूळ अर्थ पहारा चुकवून वेगाने निसटण्याचा. त्यातूनच पोलिसांना हवा असलेला माणूस ‘ऑन द रन’ असतो आणि ब्रिटिश बोलीत हॉटेलचे बिल न देता सटकणारा ‘डू अ रनर’ करतो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक सोप्या, बिनधोक कामगिरीला ‘मिल्क रन’ म्हणत, म्हणजे रोज ठरल्या वाटेने दूध पोचवण्याची फेरी. आजचा अमेरिकी तरुण बिअर आणायला जातो तो ‘बिअर रन’. फेरीच्या याच अर्थावर क्रिकेटचा ‘रन’ उभा आहे आणि छापखान्यातला ‘प्रिंट रन’ही. जुलाबाला ‘द रन्स’ म्हणणे अशिष्ट खरे, पण त्यात वाहणेही आहे आणि शौचालयाकडची धावही. शब्दाचे दोन्ही मूळ अर्थ एका ठिकाणी भेटावेत, असे उदाहरण प्रतिष्ठित भाषेतही विरळा.

स्लँगमधला अर्थ आणि कोशातला अर्थ एकाच तऱ्हेने जन्मतात. फरक असतो तो वापरणाऱ्यांच्या संख्येचा आणि समाजातल्या स्थानाचा. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ साली लंडनच्या चोर, खलाशी, सैनिक यांच्या बोलीचा कोश काढला. तेव्हा तो विद्वत्तेच्या कक्षेबाहेरचा उद्योग मानला गेला. २०१० साली जोनाथन ग्रीन यांचा स्लँग-कोश तीन जाडजूड खंडांत निघाला, तो ऑक्सफर्डच्याच ऐतिहासिक पद्धतीने, सालवार अवतरणे देऊन. पुरावा गोळा करण्याची शिस्त तीच, कारण पुराव्याचे स्वरूपही तेच आहे.

मग कळते कसे?

आता मुख्य शंका. अर्थ इतके असतील तर ऐकणाऱ्याला नेमका हवा तो कसा सापडतो? १९४९ साली वॉरन वीव्हर या अमेरिकी गणितज्ञाने यंत्राकडून भाषांतर करवून घेण्याविषयी एक टिपण लिहिले. त्यात त्याने एक साधी कल्पना मांडली. पुस्तकाच्या पानावर अपारदर्शक पुठ्ठा ठेवा आणि त्याला एकच शब्द दिसेल एवढे भोक पाडा. दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ सांगता येणार नाही. भोक दोन्ही बाजूंनी रुंद करत जा. कुठल्यातरी रुंदीला मधल्या शब्दाचा अर्थ निश्चित होईल. ‘रन’च्या बाबतीत बहुधा एकेक शब्द पुरतो. उजवीकडे ‘शॉप’ दिसले की चालवणे, डावीकडे ‘नोज’ दिसले की वाहणे, पाठोपाठ ‘आउट ऑफ शुगर’ आले की संपणे. ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनीही १९५०च्या दशकात हेच शिकवले की शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते.

यावर एक वजनदार आक्षेप आला. इस्रायली तत्त्वज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली असे उदाहरण दिले: एक लहान मुलगा आपली खेळण्यांची पेटी शोधतो आहे आणि शेवटी ती त्याला ‘पेन’मध्ये सापडते. इथे ‘पेन’ म्हणजे मुलाला खेळायला सोडायचे कुंपण. शेजारचे शब्द कितीही न्याहाळले तरी हे त्यांच्यातून निघत नाही. पेटी लेखणीत मावत नाही आणि कुंपणात मावते, हे ज्ञान जगाचे आहे, भाषेचे नाही. आक्षेप बरोबर आहे, पण त्याने मूळ मुद्दा मोडत नाही, उलट पुढे जातो. अर्थ शब्दाबाहेर असतो, आणि ‘बाहेर’ म्हणजे फक्त आजूबाजूचे शब्द नव्हेत, प्रसंग आणि जगाची ओळखही. आजच्या भाषांतर-यंत्रांची कामगिरी सुधारली तीही एका शब्दाला एकच ठरावीक अंकरूप देण्याची रीत सोडून दर वाक्यात त्याचे रूप नव्याने काढायला लागल्यावर.

माणसाच्या मेंदूत काय घडते, याचा एक सुरेख प्रयोग डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्यांच्या कानावर ‘बग’ हा शब्द असलेला मजकूर पडत होता. ‘बग’ म्हणजे किडा आणि हेरगिरीसाठी लपवलेला छोटा मायक्रोफोनही. मजकुरात कोळी आणि झुरळांचा उल्लेख असल्याने इथे किडाच अभिप्रेत आहे हे उघड होते. ‘बग’ ऐकू येताच पडद्यावर एक अक्षरसमूह झळके आणि तो खरा शब्द आहे की नाही हे चटकन सांगायचे असे. त्या क्षणी ‘मुंगी’ आणि ‘हेर’ अशा दोन्ही अर्थांशी जोडलेले शब्द लवकर ओळखले गेले. तोच शब्द तीन अवयवांइतक्या उशिराने दाखवला, तर मात्र फक्त किड्याशी संबंधित शब्द लवकर ओळखला जाई. म्हणजे मन क्षणभर अनेक दारे उघडते आणि प्रसंगाला न जुळणारी लगेच बंद करते. हे इतक्या झपाट्याने होते की गोंधळ आपल्या जाणिवेपर्यंत पोहोचतच नाही.

ओझे छोट्याच शब्दांवर का?

अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ साली दाखवले की शब्द जितका वारंवार वापरला जातो तितके त्याचे अर्थ अधिक, आणि हे प्रमाण साधारण वर्गमुळाचे असते. एक शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट वापरात असेल, तर त्याचे अर्थ सुमारे दहापट. त्यांचेच दुसरे निरीक्षण असे की वारंवार लागणारे शब्द आखूड असतात. दोन्ही एकत्र ठेवले की ‘रन’, ‘सेट’, ‘पुट’ हेच का फुगतात ते कळते. स्टीव्हन पियांटाडोसी, हॅरी टिली आणि एडवर्ड गिब्सन यांनी २०१२ साली यामागचे कारण मांडले. आखूड आणि सोपा उच्चार ही मर्यादित साधनसंपत्ती आहे. प्रसंगावरून अर्थ कळणारच असेल, तर नव्या कल्पनेसाठी लांब शब्द घडवण्यापेक्षा हाताशी असलेला छोटा शब्द पुन्हा वापरणे बोलणाऱ्याला स्वस्त पडते. इंग्रजी, डच आणि जर्मन या तिन्ही भाषांच्या शब्दसंग्रहांत त्यांना याला आधार मिळाला.

इंग्रजीत इतिहासानेही हातभार लावला. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर दरबार, न्याय, विद्या यांचे शब्द फ्रेंचमधून आले. शेत, चूल, घर यांत जुनी एकावयवी क्रियापदे राहिली आणि ‘अप’, ‘आउट’, ‘डाउन’ अशी शेपटे जोडून त्यांनी रोजचा सगळा व्यवहार सांभाळला.

एकच मोघम अर्थ धरला तर?

काही अभ्यासक उलट टोकाला जातात. त्यांचे म्हणणे, ‘रन’चा अर्थ एकच आहे: सतत पुढे जाणे. बाकी सगळे प्रसंगातून आपोआप निघते, मग शेकडो नोंदी हव्यात कशाला? हा युक्तिवाद मोहक आहे, आणि प्रसंगाचे महत्त्व सांगणाऱ्या या लेखाला तो सोयीचाही वाटेल. पण तो पुराव्यापुढे टिकत नाही. निवडणुकीचा अमेरिकी उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार त्याच कामासाठी ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. एका देशात धावणे आणि दुसऱ्यात उभे राहणे! मराठी उमेदवारही उभाच राहतो. स्त्रियांच्या पातळ मोज्याचा धागा सुटून उभी रेघ पडली, तर अमेरिकेत तिला ‘रन’ म्हणतात, इंग्लंडमध्ये ‘लॅडर’ म्हणजे शिडी. मोघम अर्थातून हे काढता येत नाही. वंशावळ मागे वळून पाहताना पटते, पण पुढची शाखा कुठे फुटेल हे तिच्यावरून आधी सांगता येत नाही. म्हणून अर्थ एकेक करून, त्याच्या सोबत्यांसह शिकावा लागतो, आणि म्हणूनच कोशात तो एकेक करून लिहावा लागतो.

मराठीचे काय?

हे सगळे इंग्रजीचे खास दुखणे आहे असे वाटत असेल, तर ‘चालणे’ आठवावे. इंग्रजीने जे काम धावण्याकडे दिले, त्यातले बरेच मराठीने चालण्याकडे दिले. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, जुने नाणे चालत नाही, उन्हात डोके चालत नाही. ‘चालेल’ म्हणजे मान्य आहे आणि ‘चालता हो’ म्हणजे निघून जा. प्रयोजक रूप ‘चालवणे’ गाडीपासून संस्थेपर्यंत इंग्रजी ‘रन’च्याच पायऱ्या चढते. आणि ‘फार चालू माणूस आहे’ म्हटले की आपण स्लँगमध्ये उतरतो. ‘लागणे’ याहून व्यापक आहे: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, वेळ लागतो. मराठी माणूस यांतल्या एकाही ठिकाणी अडखळत नाही, कारण भूक, निकाल, डोळा हे सोबती बरोबरच आलेले असतात. ‘धावणे’ मात्र मराठीत फारसे पसरले नाही. धावती भेट, धावते वर्णन, संकटात धावून येणे, एवढ्यावर ते थांबले. कोणत्या क्रियापदाने पसरायचे हे प्रत्येक भाषा आपले आपण ठरवते. पसरणे मात्र सगळीकडे आहे.

उसनवारीत तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. मराठीने ‘रन’ घेतला तो शेकडो अर्थांसह नव्हे. क्रिकेटचा घेतला, संगणकाचा घेतला, बाकीचे दाराबाहेर ठेवले. मराठीत कोणाचे नाक ‘रन’ होत नाही. उलट क्रिकेटचा अर्थ आपल्या ‘धाव’ या शब्दाला चिकटला आणि न धावताही चार धावा निघू लागल्या. ‘रनआउट’चे ‘धावबाद’ झाले, पण डब्यातली साखर संपतेच. भाषा उसना घेते तो एक सोबती आणि त्याच्यापुरता एक अर्थ, अख्खा शब्द कधीच नाही.

‘सेट’ची मराठीतली कहाणी यापुढची आहे. दागिन्यांचा सेट, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे सेट हे अर्थ सरळ इंग्रजीतून आले. ‘मुलगा पुण्यात सेट झाला’ यात स्थिरस्थावर होणे आहे आणि तो वापर आपल्याकडचा आहे. ‘सेटिंग लावणे’ म्हणजे आतून संगनमत करून काम जमवणे, हा अर्थ इंग्रजी बोलणाऱ्याला सांगूनच समजवावा लागेल. शब्द परका असला तरी ही शाखा त्याला इथे, आपल्या बोलीत फुटली आहे. मोबाइलची सेटिंग बदलली आणि टेंडरसाठी सेटिंग लावली, या दोन वाक्यांतला फरक ‘मोबाइल’ आणि ‘टेंडर’, ‘बदलणे’ आणि ‘लावणे’ यांनीच केला आहे. त्यातले ‘लावणे’ हे आपल्या जुन्या ‘लागणे’चे प्रयोजक रूप, भांडण लावणे, वशिला लावणे यांत शतकानुशतके मुरलेले. नव्या ‘सेटिंग’ला अर्थ देण्याचे निम्मे काम त्यानेच केले.